मोडक्या झोपडीतला निरोप

पौषाची पहाट निफाडच्या शिवारावर उतरली ती शुभ्र, निःशब्द, निर्दय. नदीकाठच्या सखल बागेत दव गोठलं, द्राक्षघडांच्या हरितकोमल कांतीवर हिमाची साय धरली. आणि गावचा भोंगा गप्प राहिला.

गप्प राहिला! पारा उतरताच वाजावा, शेकोट्या पेटाव्यात, धुराच्या उबेत बाग तगावी, एवढ्यासाठीच तर तो बसवला होता. तात्या बोरस्ते उजाडताना आपल्या त्या सखल बागेत गेले, तेव्हा वर्षाचं पीक करपलं होतं.

भोंग्याचा प्रोग्राम नाशिकच्या एका कंपनीनं सी भाषेत लिहिलेला. तात्यांची लेक मृण्मयी तिथंच कामाला. प्रत्येक बागेचं तापमान मोजायला त्यात एकेक थ्रेड, म्हणजे जासूदच म्हणा. जासुदानं आकडा आपल्या झोपडीत, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत ठेवायचा, मुख्य प्रोग्रामला झोपडीचा पत्ता द्यायचा, आणि जाताना झोपडीच मोडायची! अरे, मग त्या पत्त्यावर सापडणार काय? कधी नशिबानं तोच आकडा, कधी दुसऱ्याचा कचरा. त्या पहाटे तात्यांच्या बागेचा कचराच हाती आला, आणि त्यालाच ऊब समजून प्रोग्राम निवांत राहिला.

मृण्मयीनं ही चूक दिवाळीतच दाखवली होती. तिचे वरिष्ठ गोगटेसाहेब हसून म्हणाले होते, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? चालतंय ना! या दोन शब्दांनी आजवर किती घरं बुडवली, देव जाणे.

आता साहेब अहवालात 'निसर्गाचा कोप' लिहायला निघाले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थंडीनं वेळेवर सांगितलं होतं, साहेब. तिचा निरोप आपण मोडक्या झोपडीत ठेवला. तसंच लिहा."

साहेबांनी 'निसर्गाचा कोप' खोडलं. तिनं त्याच दुपारी प्रोग्राममध्ये प्रत्येक आकड्याला थ्रेड संपल्यावरही टिकेल अशी वेगळी जागा मागून घेतली. थ्रेड संपेपर्यंत थांबायचं, आकडा वाचायचा, मगच जागा मोकळी करायची. चार ओळींचं काम. चार ओळींचं!

पुढच्या आठवड्यात पहाट पुन्हा शुभ्र झाली, उंचवट्यावरच्या बागाही गारठल्या, आणि भोंगा कडाडला. बागाबागांत आरक्त ज्वाळा उठल्या, धूसर धूर वेलींना बिलगला.

तात्यांच्या बागेत वाचवायला काही उरलं नव्हतं. तरी ते उठले. त्या पहाटेसाठी रचलेलं, न पेटलेलं आपलं सरपण त्यांनी खांद्यावर घेतलं, आणि शेजाऱ्याच्या हिरव्या घडांखाली नेऊन पेटवलं.