सकाळपासून सांगा

भत्त्याच्या कार्यालयाने आईचा अर्ज परत पाठवला. कारण एका ओळीचं होतं: आजवरच्या तपासण्यांमध्ये रुग्ण रोजची कामं स्वतः करते अशी नोंद आहे, त्यामुळे अपंगत्व सिद्ध होत नाही.

"बरोबरच आहे त्यांचं," आई म्हणाली. "करतेच की मी."

करते म्हणजे काय, ते मला बाबा गेल्यावर कळलं. आई छापखान्यात बाइंडिंगला होती. पुस्तकांच्या घडी घातलेल्या तावांचे फर्मे हाताने शिवण्यात तिचा जन्म गेला. बाबा तिथेच कागद कापायच्या मशीनवर. पुढे सांधेवाताने आईची बोटं वळली, मनगटं धरली आणि तिने काम सोडलं. मी दुसऱ्या शहरात. फोनवर दोघंही कायम झकास. बाबांनंतर मी राहायला आले, तेव्हा आई टूथपेस्टचं टोपण दातांनी काढत होती.

तिला स्वतःच्या घरात राहायचं होतं. त्यासाठी रोज काही तास मदतीला कुणीतरी हवं होतं, आणि त्या माणसाचा पगार भत्त्यातूनच निघणार होता. नाहीतर घर सोडून माझ्याकडे यायचं. ते तिला मरणापेक्षाही नकोसं होतं.

चूक कुठे झाली तेही हळूहळू कळलं. डॉक्टरांकडे जायचा दिवस असला की आई जास्तीची गोळी घ्यायची. बाबा तिचे केस विंचरायचे, इस्त्रीचा कोट चढवायचे. दुखणं दाखवायला निघताना दुखणं घरी ठेवून जायचं. मी चिडले तर म्हणाली, "पसारा आवरल्याशिवाय पाहुण्याला दार उघडतं का कुणी?"

नव्या अर्जासाठी पुन्हा तपासून घ्यायचं होतं. या वेळी मी गोळी लपवून ठेवली.

डॉक्टरीणबाई बऱ्याच वर्षांपासून आईला ओळखत होत्या. आई दारातून टेबलापर्यंत पोचेपर्यंत त्या नुसत्या बघत राहिल्या.

"आज गोळी नाही घेतलीत?"

"हिने घेऊ दिली नाही. आगाऊ आहे. बापावर गेलीय."

"बरं झालं. आज मी 'कशा आहात' असं विचारणारच नाही. दर वेळी तुम्ही 'मजेत' म्हणालात आणि मी तसं लिहिलं. आज सकाळपासून सांगा. जाग आल्यापासून."

"जाग आली की उठते."

"कशा उठता?"

"सगळे उठतात तशी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कोट काढा बरं. आणि परत घाला."

आईला ते लागलं. बटणं लावलेलीच नव्हती, त्यामुळे कोट खांदे हलवून कसाबसा उतरला. तिने तो खुर्चीवर टाकला. मग ती आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे वळली, दोन्ही हात जरासे मागे केले आणि उभी राहिली.

काहीच झालं नाही. कोट खुर्चीवर पडून होता. आई भिंतीकडे तोंड करून, हात मागे धरून, वाट बघत होती.

मी उठायला लागले. बाईंनी मला हातानेच थांबवलं.

आईचे हात हळूहळू खाली आले. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. ती वळली तेव्हा हसू आणि रडू यांच्यामधलं काहीतरी तिच्या तोंडावर होतं. "सवय हो. हे घालायचे."

"आणखी काय करायचे?"

"काही विशेष नाही."

"तेच सांगा. विशेष नसलेलं."

आई बसली. सांगायला लागली तेव्हा आधी बाईंकडे बघत होती, मग खिडकीकडे.

"हे माझ्या आधी उठायचे. गरम पाण्याची पिशवी पांघरुणात सारायचे, माझ्या हातांवर. बोटं उघडेपर्यंत बोलायचं नाही असं ठरलेलं. मग उठवायचे. ओढायचे नाहीत हं. माझ्या कोपरांखाली हात घालून स्वतः मागे झुकायचे, की मी आपोआप उभी. वेणी घालायचे. आधी कागदाच्या थप्पीसारखे केस ठोकूनठोकून सारखे करायचे. सुरुवातीला वेणी वाकडी यायची. मी म्हणायचे, मागून गाढव दिसतेय मी. तर म्हणायचे, पुढून फरक असतो असं कोण म्हणालं?"

बाई मोठ्याने हसल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "म्हणजे पतीच्या मदतीशिवाय..."

"मदत लिहू नका. मदत परक्याची करतात, असं म्हणायचे हे."

"मग काय लिहू?"

"जे करायचे ते लिहा."

मी पुष्कळ वाचलं आहे. प्रेमाविषयी तर गरजेपेक्षा जास्तच. त्यात कोपराखाली हात कसा घालावा हे कुठे नव्हतं. मी त्यांच्याच घरात वाढले, सुट्टीला येत राहिले, टेबलापाशी बसून जेवले, आणि दोन माणसांनी मिळून चालवलेलं हे एक शरीर माझ्या नजरेस कधी पडलं नाही. टाका दिसू नये असं काम दोघांनाही येत होतं.

"जेवण झालं की मी वाचायचे," आई सांगत होती. "पुस्तक मांडीवर. पान हे उलटायचे."

"तुम्ही सांगितलंत की?"

"छे. सांगायचं कशाला? ते पुस्तकात बघायचेच नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. पान संपलं की त्यांना कळायचं."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

पुढे भत्ता मंजूर झाला. आई अजून त्याच घरात आहे. जुन्या नोंदी खोट्या नव्हत्या, ती कामं दोघं मिळून एकीसाठी करत होती, असं बाईंनी अहवालाच्या खाली स्वतःच्या सहीने लिहिलं होतं. पण ते नंतर. तेव्हा दारावर टकटक झाली. बाहेरचे पेशंट कुरकुर करायला लागले होते.

"थांबायला सांगा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवा कागद घेतला.

आई सांगता सांगता अजून दुपारपर्यंतच आली होती.