शेजारी ठेवलेली किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किल्ली आहे. त्यातही दुसरी. माझी थोरली बहीण कुलपाबरोबरच कारखान्यातून आली. मी मागाहून आले. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने तिला पकडीत धरलं, माझा कोरा तुकडा शेजारी लावला आणि तिच्याकडे बघत बघत कानशीने माझे दात पाडले. तुमचे दात पडतात, आमचे पाडावे लागतात. ती रोज मालकाच्या खिशातून गावभर हिंडायची आणि मी एका जागी लटकून राहायची, याचा मला तेव्हा फार राग यायचा.

आमचं दार तिसऱ्या मजल्यावरचं. तिथे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे काका राहत. त्यांची बोटं शाईने इतकी काळी झाली होती, की काकू त्यांना पांढऱ्या भिंतीला हात लावू देत नसत. त्यांना एक मुलगी होती. समोरच्या दारात ताई एकट्या राहत. त्या दवाखान्याच्या धुलाईखोलीत चादरींना इस्त्री करत. मी तयार झाले त्याच दिवशी काकांनी मला ताईंच्या हातात दिलं.

"ताई, ही तुमच्याकडे असू दे. मी पडलो विसरभोळा."

"असू दे की. दोन दारं आहेत म्हणून, नाहीतर घर एकच," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं.

मग माझा राग गेला. काकाकाकू बाहेरगावी गेले की ताई मला घेऊन झाडांना पाणी घालायला जात. मुलगी तापाने फणफणली आणि काकूंना कामाची सुट्टी मिळेना, तेव्हा ताई दर थोड्या वेळाने तिच्या कपाळावरची पट्टी बदलायला येत. मी कुरकुरू नये म्हणून त्या मला शिवणयंत्राचं तेल लावत. काकू सगळ्यांना सांगत, "आमची किल्ली ताईंकडे असते." ते ऐकून मला केवढा अभिमान वाटायचा!

पुढे जे आलं त्याला पुस्तकांत फॅसिझम म्हणतात. आमच्या जिन्यात त्याला 'नवी शिस्त' म्हणत. एका रंगाचे सदरे घालून तरुण रस्त्यावर पाय आपटत जाऊ लागले, तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले होते. काकांनी तर जिन्यात त्यांची नक्कलही करून दाखवली होती. पण कारखाने बंद पडले, महागाई वाढली, आणि प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर मिळू लागलं, की हे सगळं 'त्यांच्यामुळे' झालं. 'ते' म्हणजे कोण, हे मात्र बदलत राहायचं. आधी बाहेरून आलेले, मग संपवाले, मग मास्तर लोक. ज्याचं नाव अजून आलेलं नसे, त्याचा जीव भांड्यात पडायचा.

आमच्या इमारतीत नळ दुरुस्त करणारा एक माणूस होता. त्याला सगळे 'पान्हा' म्हणत. वीस बिऱ्हाडांचे नळ त्याने दुरुस्त केले, पण कुणी त्याला कधी बसा म्हटलं नाही. नव्या राजवटीने त्याला एक बिल्ला आणि जिन्याखाली एक टेबल दिलं. तो इमारतप्रमुख झाला. आता जाता-येता सगळे त्याला नमस्कार करत. मित्रांनो, मला हे फार उशिरा कळलं. अशी राजवट नुसती भीतीवर उभी राहत नाही. आपण ज्याला कधी माणसात धरलं नाही, त्याला ती खुर्ची देते. मग ती खुर्ची टिकवण्यासाठी तो जिवाचं रान करतो.

एके दिवशी पान्हा नेत्याची तसबीर घेऊन ताईंकडे आला.

"ताई, लावून टाका. वरून तपासायला येतात, मलाच बोलणी बसतात."

"लावते बाबा. एका तसबिरीने काय बिघडतंय?"

घरात मोकळा खिळा नव्हता. ताईंनी मला खाली काढलं, तसबीर माझ्या खिळ्यावर गेली आणि मी कपाटाच्या खणात. मलाही तेव्हा वाटलं, खरंच, काय बिघडतंय?

मग शाळेचे मास्तर दिसेनासे झाले. त्यांचं काय झालं हे कुणी विचारेना. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. आणि एका सकाळी रस्त्याभर भिंतींवर एक पत्रक चिकटलेलं दिसलं. त्यावर एवढंच छापलं होतं, 'आमचे मास्तर कुठे आहेत?' ते कुणी छापलं हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुणीही काकांचं नाव सांगितलं नाही. याचं श्रेय रस्त्याला द्यायलाच हवं.

पण दोन दारांमधलं बोलणं तुटलं. काकांनी काकूंना आणि मुलीला मामाकडे पाठवून दिलं. ताईंना मात्र ते म्हणाले, "आम्ही सगळेच जातोय, आठ दिवसांत येऊ." खरं सांगितलं तर ताई अडचणीत येतील, असं त्यांना वाटलं असेल. किंवा ताईंच्या भिंतीवरची तसबीर त्यांना दिसली असेल. काका गेलेच नव्हते. छापखान्यातला मित्र गाडी घेऊन येईपर्यंत ते घरात लपून बसले होते. आतून कडी लावली तर घरात माणूस आहे हे कळलं असतं, म्हणून त्यांनी नुसतं कुलूप फिरवून ठेवलं होतं. दार भक्कम होतं. कुणी ते फोडायला घेतलं असतं, तर मागच्या खिडकीतून शेजारच्या गच्चीवर जायला काकांना पुरेसा वेळ मिळाला असता.

त्या दिवशी सकाळी दोन्ही घरांना जोडलेला भिंतीतला नळ घूं घूं करत वाजला. काकांच्या घरात तोटी उघडली की तो असाच वाजायचा. इस्त्री फिरवता फिरवता ताईंचा हात थांबला. मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "जुने नळ, वाजायचेच." तो आवाज मीही ऐकला होता.

दुपारी पत्रकाचा माग काढत राजवटीची तीन माणसं काकांच्या दाराशी आली. एकाच्या हातात पहार होती. पान्हा त्यांच्यामागे उभा होता.

"फोडू नका हो," तो अजिजीने म्हणाला. "परत मलाच बसवावं लागेल."

ताईंनी आपलं दार उघडलं. त्या तिघांतल्या साहेबाने टोपी काढून नमस्कार केला. ताई त्या पहारीकडे पाहत राहिल्या.

"फोडू नका," त्याही म्हणाल्या. "चांगलं लाकूड आहे. घरात कुणी नाही. किल्ली आहे माझ्याकडे."

कुणी मागितली नव्हती, मित्रांनो.

मी अडकून बसले असते तर! वाकडी झाले असते, निदान कुरकुरले असते! पण ताईंनी मला वर्षानुवर्षं तेल दिलं होतं. मी अलगद फिरले. काका टेबलाशी बसून भाकरीचा तुकडा मोडत होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या ताईंकडे.

साहेबाने ताईंची पाठ थोपटली, "असं सहकार्य हवं." आठवड्याने कोळशाचं एक पोतं आलं. ताईंनी ते परत पाठवलं नाही. तो हिवाळा त्यांनी त्याच कोळशावर काढला. काका परत आले नाहीत.

पुढे ती राजवटही गेली. एका रात्रीत सगळ्या तसबिरी उतरल्या. आपण आधीपासून विरोधातच होतो, असं जो तो सांगू लागला. मला मात्र कुणी खणातून काढलं नाही.

मग एक तरुण बाई जिना चढून आली. ती काकांची मुलगी होती. आपल्या जुन्या दारासमोर ती बराच वेळ उभी राहिली. तिने कुलपावरून बोट फिरवलं, मग चौकटीवरून.

"मावशी, यावर एक ओरखडासुद्धा नाही. त्यांनी दार उघडलं कसं?"

ताईंनी आत जाऊन मला आणलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"मला वाटलं, दार तरी वाचेल."

"वाचलं की, मावशी," ती म्हणाली आणि मला मुठीत धरून जिना उतरून गेली.

तेव्हापासून मी तिच्या टेबलावर असते. ती मला तेल लावत नाही, आणि तेच बरं आहे. मित्रांनो, किल्ली जपून ठेवा असं सांगायला मी आलेले नाही. कुणी टोपी काढून, गोड बोलून तुमच्या दारात उभं राहिलं आणि तुमचा हात आपणहून खणाकडे गेला, तर क्षणभर थांबा. भिंतीपलीकडे नळ वाजतोय का, ते ऐका. आणि ऐकू आला, तर तो ऐकू आला नाही असं स्वतःला सांगू नका.