इकडे सर्व खुशाल

एकोणीसशे पंचावन्न सालची गोष्ट. मास्तरकीच्या पगारात सहा माणसांची पोटं भरता भरता परशुराम गुरुजींच्या नाकी नऊ येत. म्हणून रविवारी ते ओटीवर दौत-टाक घेऊन बसत आणि गावच्या बायकांची पत्रं लिहून देत. निम्म्या गावाचे घरधनी मुंबईला, बायकांना अक्षरओळख नाही. कार्डाची किंमत वेगळी, लिहिणावळ एक आणा. आता मंडळी, फावल्या वेळात चार पैसे मिळवले तर त्यात वाईट ते काय? काहीच नाही. वाईट पुढेच आहे.

गर्दी वाढली तशी गुरुजींनी एक युक्ती काढली. शनिवारीच कार्डांचा गठ्ठा पुढ्यात घ्यायचा आणि सगळ्यांवर सुरुवात लिहून टाकायची, 'इकडे सर्व खुशाल आहे. काळजी नसावी.' रविवारी बाई आली की खाली तिचा मजकूर दोन ओळींत कोंबायचा. तिला कुठे वाचता येतंय!

वैशाखात मथुरा आली. तिचा नवरा लवू मुंबईत गिरणीत होता.

"गुरुजीनु, सासू हातरुणाक खिळली आसा. पावसाआधीच्या शेवटच्या बोटीन ये म्हणान लिवा. म्हातारी लेकाची वाट बघता."

मागे सात जणी ताटकळत होत्या. गुरुजींनी लिहिलं, 'आईची प्रकृती जरा नरम. जमल्यास येणे.'

"मी सांगलंय तां सगळां लिवलास मा?"

"सगळं लिहिलं गं."

मथुरेने पदराच्या गाठीतला आणा काढून दिला. जाता जाता म्हणाली, "माका अक्षरां शिकवशात काय, गुरुजीनु?"

"या वयात कसली अक्षरं गं तुला!"

गुरुजींची बायको पद्मावती दारात उभी होती. बायका गेल्यावर ती म्हणाली, "अहो, तालुक्याचो साहेब बायकांचो वर्ग काढा म्हणत होतो. तेका तुमी काय कळवलात?"

"गावात कोणाला हौस नाही, असं."

"खोटां कित्याक? त्यो शिकल्यो तर आपलो आणो बुडात, म्हणान मा?"

"मग पोरांच्या तोंडात काय घालू? माती?"

"चार पैसे मिळवा, कोण नको म्हणता? पण ती बायल अडाणी ऱ्हवली तरच आमची चूल पेटतली, ह्यां खंयचां शास्त्र? असलो घास माका गिळाक जमाचो नाय!"

गुरुजी रागारागाने उठून गेले.

शेवटची बोट मालवण बंदरात आली. शेवटचा उतारू खाली येईपर्यंत मथुरा उन्हात उभी होती. लवू आलाच नाही. तिसऱ्या दिवशी त्याचं कार्ड आलं आणि ते घेऊन मथुरा धावतच ओटीवर आली.

गुरुजींनी मनातल्या मनात वाचलं. 'सर्व खुशाल आहे हे ऐकून बरे वाटले. आईला जरा नरम आहे तर औषध दे. रजा आता फुकट घालवत नाही. गणपतीला येतो.'

"काय लिवल्यान?" मथुरेने विचारलं.

रजा मिळाली नाही, एवढंच म्हटलं की सुटलो! गुरुजींच्या अगदी ओठांवर आलं होतं. कोणाला कळणार? पण समोर मथुरा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती आणि त्या बघण्यात जराही संशय नव्हता. गुरुजींना स्वतःचीच शरम वाटली.

"मथुरे, चूक माझी आहे! लवूला वाटलं, इकडे सगळं ठीक आहे. मीच तसं लिहिलं होतं."

मथुरेने ते कार्ड त्यांच्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, "एक आणो कमी पडलो काय, गुरुजीनु? मागलास असतास तर दोन दिलंय असतंय."

गुरुजी तसेच अनवाणी मालवणला गेले आणि पदरचे पैसे घालून त्यांनी तार केली. बोटी बंद झालेल्या. लवू कोल्हापूरवरून एस्टीने, पावसात भिजत चौथ्या दिवशी पोचला. त्याची आई हौसाबाई आदल्या दुपारीच गेली होती. शेवटपर्यंत ती विचारत होती, "बोट लागली काय गो?"

गुरुजी भेटायला गेले तेव्हा लवूने त्यांनीच लिहिलेलं वैशाखातलं कार्ड खिशातून काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि तो आत गेला.

त्याच आठवड्यात गुरुजींनी तालुक्याला कळवलं, 'मागे कळवले ते खोटे होते. वर्ग मीच घेतो.' रविवारी त्याच ओटीवर सात जणी पाट्या घेऊन बसल्या. मथुरा आली नाही. शेवटी पद्मावतीच तिच्या घरी गेली आणि हाताला धरून तिला घेऊन आली. वरकमाईसाठी गुरुजी आता वह्या शिवून मालवणच्या दुकानात देऊ लागले. पैसे कमी मिळत, पण झोप लागे.

दिवाळीनंतर मथुरेने नवऱ्याला पहिलं कार्ड लिहिलं. गुरुजींनी सवयीने तपासायला हात पुढे केला. तिने कार्ड पदराआड धरलं.

"नको, गुरुजीनु. माझां मी वाचलंय."

गुरुजींनी हात मागे घेतला. तिच्या विश्वासाला आपण मुकलो ते मुकलोच, हे त्यांना कळलं.

मंडळी, फावल्या वेळात चार पैसे जरूर मिळवा, त्यात लाज कसली? पण ज्याचा आणा घ्याल त्याचं काम जीव ओतून करा, आणि दुसऱ्याच्या अज्ञानावर आपली चूल पेटवू नका! गुरुजी हे शिकले, पण त्याची किंमत हौसाबाईने मोजली.