रोहण्याच्या तळ्यातला साक्षीदार

मी एक जुना मातीचा खुंट आहे. माती म्हणून जुना. खुंट म्हणून माझं वय जेमतेम दीड महिना. आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला रोजगार हमीतून तळं खोदलं, तेव्हा मजुरांनी मला मधोमध तसंच उभं ठेवलं. किती खोल खणलं, ते माझ्या उंचीवरून मोजता यावं म्हणून. माझ्या डोक्यावरचं गवतही राखतात. गवत आहे म्हणजे वरून माती चढवून मला कोणी उंच केलेलं नाही.

मित्रांनो, माझा जन्मच संशयातून झाला. पन्नासेक वर्षांपूर्वी, मोठ्या दुष्काळानंतर, राज्याने शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला आणि त्यातून खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं ठरवलं. कर भरणाऱ्याला वाटतं, मजूर फसवतात. मजुराला वाटतं, पैसा वरच्या वर गायब होतो. दोघांच्या मधे मी. त्यामुळे टोपली घेऊन कोणी जवळ आलं की माझ्या अंगावर काटा येतो.

मापाच्या दिवशी सकाळीच मनकर्णाबाई टोपली घेऊन आली. बारा मजुरांच्या टोळीत ती सगळ्यांत वडीलधारी. मी म्हटलं, झालं, हीपण त्यातलीच! पण टोपलीत शेण होतं. तिने विळ्याने माझं गवत साफ कापलं, अंगण सारवावं तसं मला सारवलं आणि कुंकू लावलं.

"सायेब येऊन राह्यले, तं जागा कशी नीट पाह्यजे," ती म्हणाली.

मी ओशाळलो, आणि लगेच घाबरलो. भाबडेपणाने तिने पुरावाच कापून टाकला होता.

दुपारी मोजणीला तालुक्याचे अभियंते वैभवसाहेब आले. काठावरूनच ओरडले, "गवत कुठं गेलं? माती चढवली वाटते! मी अर्धंच माप धरीन."

अर्धं माप म्हणजे बारा जणांची आठवड्याची मजुरी अर्धी. मनकर्णाबाईचा चेहरा उतरला. "सायेब, म्या गवत कापलं, तुमच्यासाठीच सारवलं. माती नाई टाकली."

"असं सगळेच म्हणतात, मावशी."

खरं काय ते मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

"मंग चिरा त्याले," ती एकदम म्हणाली. "वरून टाकलेल्या मातीत मुळं नसतेत."

साहेब बिचकले. "आणि पडला तर? मोजायला काहीच राहणार नाही."

"पडला तं आमचं नशीब. पण आमाले चोर नोका म्हणू."

तिनेच फावडं उचललं आणि माझी एक बाजू उभी तासली. ढेकळं खाली गेली. मी जीव मुठीत धरून उभा राहिलो. आत, अगदी वरच्या थरापासून, गवताच्या मुळांची दाट जाळी होती. साहेब खाली उतरले, मुळं बोटांनी ओढून पाहिली आणि पूर्ण माप लिहून निघून गेले.

आता माझं काम संपलं. उद्या मला खणून काढतील. जाण्याआधी एवढंच सांगतो. राज्याचा पैसा तुमचाच आहे, त्याचा हिशेब जरूर विचारा. संशय आला तर खाली उतरून माती हातात घेऊन बघा. आणि तो खोटा निघाला, तर तसं सांगायला विसरू नका. मनकर्णाबाईला सकाळी मी चोर ठरवलं, दुपारी साहेबांनी. आम्हा दोघांपैकी एकानेही तिची माफी मागितली नाही.

मला तोंड नाही. साहेबांना होतं.