साहेबांचा शनिवार

एकाहत्तर साली जबलपूरच्या आमच्या तोफांच्या कारखान्यात दोन प्रकारची माणसं होती. एक, ज्यांना बदली हवी होती आणि मिळत नव्हती. दुसरी, ज्यांना नको होती आणि मिळत होती. ड्रॉइंग ऑफिसातला मुरलीधर घाटे पहिल्या प्रकारात मोडतो, असा आम्हा सर्वांचा समज होता. त्याच्या बायकोचाही होता.

बायको अंजनी नागपूरची, आईवेगळी, एकुलती एक. वडील बापूसाहेब तिथल्या महाल भागात एकटे राहत. त्या पावसाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. शेजारीण डबा द्यायची, कोणी येता-जाता कूस बदलून द्यायचं. त्यांना जबलपूरला आणावं, तर म्हातारा जुन्या वळणाचा. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. एकदा हौसेनं राहायला आले तेव्हा नागपूरहून फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात पाणी भरून घेऊन आले. पाणी संपलं, बापूसाहेब निघाले. तांब्या रिकामा होता म्हणून इथंच राहिला.

तेव्हा उपाय एकच. नागपूरच्या कारखान्यात ड्रॉइंगची एक जागा रिकामी होती. घाट्याची तिथं बदली झाली की अंजनी रोज वडिलांच्या घरी जाऊन त्यांच्याच भांड्यात त्यांचंच पाणी त्यांना पाजू शकत होती. शास्त्रालाही हरकत नव्हती. हरकत होती लढाईची. सीमेवर गडबड चालू असल्यामुळे बदल्या बंद होत्या, आणि साहेबांनी मनावर घेतलं तरच उघडत होत्या.

साहेब म्हणजे माथुर साहेब. ते नुकतेच रशियात ट्रेनिंग घेऊन आले होते. तिथं ते तोफांबद्दल काय शिकले हे सरकारी गुपित आहे, आणि ते अजून कोणालाही कळलेलं नाही. व्होडका मात्र ते ट्रंकभर घेऊन आले. नुसती पिणं त्यांना गावंढळ वाटे. मॉस्कोच्या हॉटेलात म्हणे फळांचा रस आणि बर्फ घालून ती बंद भांड्यात खळखळा हलवून देतात. तसं कोणी देणारा जबलपुरात नव्हता. बंगल्यावर त्यांच्या आई सतत रामायण वाचत असत, आणि बाटली क्लबात न्यावी तर वाटावी लागली असती.

"सर, हमारे यहाँ आइए," घाटे बोलून गेला. त्यानं तोवर घेतलेलं सर्वांत कडक पेय म्हणजे द्राक्षासव, तेही वैद्यांनी दिलेलं.

पहिल्या शनिवारी त्यानं स्वतः करायला घेतलं. घट्ट बंद होणारं भांडं घरात एकच होतं.

"अहो, हा बापूंचा तांब्या आहे! काय करून राहिले तुम्ही?"

"अगं, बापूंसाठीच करून राहिलो ना!"

घाट्यानं संत्र्या-लिंबाचा रस, साखर, बर्फ आणि साहेबांनी आधीच पाठवलेली व्होडका तांब्यात ओतली, फिरकी लावली आणि मनापासून हलवलं. तांब्याची आतली कल्हई कधीच उडालेली होती. आंबट रस पितळेत जो कळकायचा तो कळकला. साहेबांनी एक घोट घेतला.

"घाटे, ये पीने का है या तोप साफ करने का?"

साहेब भजी खाऊन निघून गेले. घाट्याचं तोंड बघून अंजनी म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी करते. तुम्ही फक्त बदलीचं बोला."

सोमवारी तिनं बाजारातल्या बड्या फुहाऱ्याजवळून तांब्याला कल्हई करून आणली. मग तिनं ते काम असं हाती घेतलं, जसं तिच्या माहेरी गौरींच्या नैवेद्याचं घेत असतील. संत्री पिळताना सालीचा तेलकट शिंतोडा रसात जाऊ द्यायचा नाही. थोडे डाळिंबाचे दाणे फडक्यातून दाबून रंगापुरता रस घ्यायचा. साखर तशी नाही घालायची, पाक करून गार करायचा. व्होडका ती नाकाला पदर लावून पळीनं मोजायची. मग फिरकी लावून, तांब्याला पंचा गुंडाळून, खांद्याशी धरून हलवायचा. चव तिनं एकदाही घेतली नाही. आतल्या बर्फाचा आवाज बारीक झाला आणि तांब्याला बाहेरून घाम फुटला की ती थांबायची, आणि चहाच्या गाळणीतून ग्लासात ओतायची.

आमच्याकडे चार बऱ्यापैकी खुर्च्या होत्या, त्यामुळे मला आणि माझ्या खुर्च्यांना शेजारी म्हणून आमंत्रण असे. साहेबांनी तो पहिला घोट घेऊन डोळे मिटले ते मी पाहिलं आहे. रशियाशी झालेल्या मैत्रीच्या करारावर सही करतानाही कोणी इतकं समाधानी दिसलं नसेल.

"भाभीजी के हाथ में मॉस्को है," साहेब म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारातून अंजनीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भजी वाढत होता.

मग साहेबांचा शनिवार ठरूनच गेला, आणि साहेबांमागून ऑफिसातले दोघे-तिघेही येऊ लागले. ट्रंकेतली एक बाटली घाट्याच्या कपाटात, पांढऱ्या गणपतीच्या मागे राहू लागली. घाटे सकाळीच सराफ्यातून बर्फ आणायला जायचा आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचा, "आज साहेब आहेत ना आपल्याकडे." ऑफिसात लोक त्याला विचारू लागले, "काय घाटे, साहेबांचा मूड कसा आहे?" ओव्हरटाइमचे कागद त्याच्या टेबलावरून जाऊ लागले. ज्यांना साहेबांना भेटायची हिंमत नव्हती ते त्याला भेटू लागले. घाटे पान खायला शिकला.

शनिवारी माणसं उठून गेली की अंजनी विचारायची, "बोलले काही साहेब?"

"बघतो म्हणाले."

"मागच्या खेपेलाही बघतोच म्हणाले होते."

"अगं, लढाईचे दिवस आहेत. काहून घाई करून राहिली?"

नागपूरहून शेजारणीनं कळवलं की बापूसाहेबांच्या पाठीला जखम होऊ लागली आहे. त्या दिवशी अंजनी आमच्या घरी येऊन बसली आणि आमच्या सौभाग्यवतींना म्हणाली, "वहिनी, माझ्याच हातानं अडलं सगळं. मी इतकं चांगलं करते म्हणून साहेब यांना सोडत नाहीत."

"मग वाईट कर," आमच्या सौ. म्हणाल्या. त्यांचा संसाराचा अनुभव मोठा आहे.

त्या शनिवारी अंजनीनं मोसंब्या सकाळीच पिळल्या. बियांसकट, सालीसकट. रस दिवसभर तसाच ठेवला. संध्याकाळपर्यंत तो इतका कडू झाला की नुसत्या वासानं जीभ आक्रसावी. पाकही घातला नाही. तांब्या हलवला तोही असा-तसाच. मी एक घोट घेऊन खिडकीकडे गेलो, कारण थुंकायला तिकडे जागा होती.

साहेबांनी ग्लास उजेडात धरला. पुन्हा एक घोट घेतला.

"भाभीजी! यही तो! बिल्कुल यही कड़वाहट थी वहाँ! अब तक मैं सोचता था, क्या कम है!"

दोघा-तिघांनी ग्लास पुढे केले. अंजनी आत जाऊन बसली. तिनं त्या दिवशी बदलीचं विचारलंही नाही.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, कारखाना दिवसरात्र चालू लागला, आणि साहेब म्हणू लागले की आता तर त्यांना शनिवारची जास्तच गरज आहे. त्याच आठवड्यात नागपूरच्या जागेचा हुकूम निघाला. नाव होतं शालिग्राम ठोसर. हा शालिग्राम ड्रॉइंग ऑफिसातला असा माणूस, ज्याची रेघ सरळ येत नसे आणि जो त्याबद्दल युनियनकडे तक्रार करत असे.

त्याची बायको इंदिरा निरोप घ्यायला पेढे घेऊन घाट्याकडे आली. मी माझी एक खुर्ची परत न्यायला गेलो होतो.

"नशीब काढलंस इंदिरे," अंजनी म्हणाली. "आम्ही बसलो तांब्या हलवत."

इंदिरा गोंधळली. "असं काय बोलून राहिली, ताई? पहिले तर भाऊजींनाच देत होते ना साहेब. ह्यांच्यासमोर विचारलं. दोनदा. भाऊजी म्हणाले, अभी नहीं, सर, दुसरे किसी को दीजिए. म्हणून तर आमचं झालं." मग तिच्या लक्षात आलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं का, बाई?"

"होतं की," अंजनी म्हणाली. "पेढा छान आहे."

पेढा तिच्या हातातच होता. मी खुर्ची न घेता परत आलो.

आमच्या क्वार्टरच्या भिंती एका विटेच्या. संध्याकाळी घाटे घरी आला तेव्हा ऐकू येऊ नये म्हणून आम्ही रेडिओ लावला, पण बातम्या संपल्या.

"काहून नको म्हणाले तुम्ही?"

मग घाट्याचा आवाज. "तिथं मला कोण ओळखतं, अंजू? तिथं ड्रॉइंगवाले ढिगानं आहेत. इथं साहेब माझ्या घरी येतो. माझ्या! आजपर्यंत आपल्या दारात पोस्टमन सोडून कोणी आलं होतं का, सांग."

"बापू तिथं कूस बदलायला माणसाची वाट पाहून राहिले."

"जाऊ ना. लढाई संपली की जाऊ."

"मग मी हे कोणासाठी करून राहिले होते?"

"तुलाही आवडत होतं ना," घाटे म्हणाला. मला वाटतं, त्याला ते खरंच वाटत होतं. "साहेब नाव घेतात तेव्हा तुलाही बरंच वाटायचं."

त्यानंतर भिंतीपलीकडून ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

शनिवारी दुपारी अंजनी ट्रंक घेऊन निघाली. गोंदियाची छोटी गाडी, तिथून पुढे नागपूर. घाटे फाटकापर्यंत आला. आजूबाजूला माणसं होती म्हणून हळू आवाजात म्हणाला, "आज शनिवार आहे, अंजू. सहाला साहेब येतील. उद्याची गाडी धर."

"संत्री पिळून ठेवलीत. पाक वाटीत आहे."

"आणि हलवायचं किती?"

अंजनी रिक्षात बसली. "माणसं खूश होईपर्यंत," ती म्हणाली.

साहेब सहाला आले. घाट्यानं हलवून आणलं. साहेबांनी घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"भाभीजी नहीं हैं?"

"नागपूर गई हैं, सर. पिताजी बीमार हैं."

"अरे!" साहेबांना खरोखर वाईट वाटलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त साहेब होते. "तो नागपूर की जगह तुमने क्यों छोड़ दी, भाई?"

सगळे घाट्याकडे पाहू लागले. घाटे सरळ उभा राहिला. "सर, देश में लड़ाई चल रही है. ऐसे में घर का कैसे देखूँ?"

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. दोघांनी टाळ्या वाजवल्या. "अगले शनिवार तक तो आ जाएँगी ना?"

"येस सर," घाटे म्हणाला.

लढाई लवकर संपली. ट्रंकेतल्या बाटल्याही त्याच सुमाराला संपल्या. साहेब पुन्हा कधी आले नाहीत, आणि मूड विचारणारेही. अंजनी आली नाही. संक्रांत झाल्यावर घाट्यानं आठवड्याची रजा काढली आणि तिला आणायला नागपूरला गेला. पुढचं त्यानंच मला सांगितलं, आमच्या ओट्यावर बसून, कोणा दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं.

अंजनी बापूसाहेबांना चमच्यानं पाणी पाजत होती. म्हाताऱ्यानं जावयाला पाहिलं आणि चांगला हात उचलून विचारलं, "बदलीचं काय झालं, जावईबापू?"

अंजनीनं पदरानं वडिलांची हनुवटी पुसली.

"यांना साहेब सोडतच नाहीत, बापू," ती म्हणाली. "फार कामाचे आहेत ना."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "असंच पाहिजे," तो म्हणाला. "तुम्ही अगदी काळजी करू नका इकडची. नोकरी सांभाळा."

घाटे लगेच पुढच्याच गाडीनं परत आला. रजा पाच दिवस शिल्लक होती.