कव्हरात जपलेला बाळू

“नूतन, याले जपू नको बरं. याले झिजव. हा फाटला तं मी म्हणीन, तू शिकली.”

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या प्रशिक्षण केंद्रातल्या शांताबाईंनी मला नूतनच्या हाती देताना असं बजावलं होतं. नूतन हसली. “हौ मॅडम,” म्हणाली. आणि बाहेर पडताच सोबतच्या बाईला म्हणाली, “सरकारी चीज हाय माय. फाटली तं जबाब मलेच द्यावा लागन का नाई?”

मित्रांनो, मी रबराचा एक बाहुला आहे, आता बराच जुना. खेळण्यातला नव्हे, शिकवण्यातला. लहान बाळाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, याचा सराव करायला माझा जन्म झाला. म्हणून माझं वजन खऱ्या बाळाएवढं ठेवलं, मान खऱ्या बाळासारखी लुळी ठेवली. डोळे मात्र रंगवलेले. ते मिटत नाहीत.

माझे चांगले दिवस शांताबाईंच्या केंद्रात गेले. बैहर, हट्टा अशा गावांकडून अंगणवाडीच्या बाया यायच्या. मला हातावर पालथं घ्यायच्या, डोकं खाली, जबडा बोटांनी धरलेला, आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताचा मनगटाजवळचा घट्ट भाग मारायच्या. सुरुवातीला सगळ्यांचा हात भ्यायचा. शांताबाई ओरडायच्या, “अंगाई गाऊन राह्यली का वं? जोरानं मार!” मग बाया हसायच्या आणि पुन्हा मारायच्या. मारता मारता बांगड्या वाजायच्या. माझ्या पाठीचा रंग उडाला, कोणीतरी तो पुन्हा लावला. मार खाऊन इतकं सुख कुणाला मिळालं नसेल. त्यांनीच माझं नाव ‘बाळू’ ठेवलं.

मग भरवेलीच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावी, नूतनच्या अंगणवाडीत मला पाठवलं. नूतन बी.ए. झालेली, स्वतः तीन वर्षांच्या मयुरीची आई. तिनं पहिल्याच दिवशी मला चेनचं जाड प्लास्टिकचं कव्हर शिवून आणलं आणि काचेच्या कपाटात बसवलं. तिथून मला सगळी खोली दिसायची.

आळशी म्हणू नका हं तिला. तिच्यासारखी डोळस बाई मी पाहिली नाही. पोरं यायच्या आधी ती चटई झटकायची, चिंचोके, मणी, तुटक्या पेन्सिलीची टोकं वेचायची. सहायिका तुळसाबाई तिला चिडवायची, “मॅडम, तुमी तं कोंबडीवानी दाणे टिपून राह्यल्या!”

“टिपू दे मावशी. पोरं काय तोंडात घालतीन, सांगता येते का?”

तिचं प्रशिक्षण चालूच होतं. मोबाईलवर व्हिडिओ लागायचा, एकीकडे ती पोरांची वजनं घ्यायची, आणि व्हिडिओ शेवटपर्यंत गेला की ‘पूर्ण झालं’ म्हणून हिरवी खूण उमटायची. बैठकीला मला कव्हरासकट न्यायचे. एकेक बाई मला मांडीवर घेऊन फोटो काढायची. “सांभाळून, सांभाळून!” नूतन म्हणायची. पाठीवर एक थाप पडावी म्हणून माझा जीव तळमळायचा. पण रबराचा जीव तो, कुणाला दिसणार?

मग लसीकरणाचा तो दिवस आला. नर्सबाईंना उशीर झाला होता. दीपिका तिच्या दहा महिन्यांच्या पवनला घेऊन चटईवर बसली होती. मोठ्या पोरांना फुटाणे-गूळ वाटणं चाललं होतं. एक वाटी कलंडली. पवन रांगत गेला आणि एक फुटाणा तोंडात गेला.

सगळ्यांत आधी नूतननंच पाहिलं. “दीपिका! पोराच्या तोंडात काय हाय?”

पवननं तोंड उघडलं होतं, पण रडू येत नव्हतं. खोकलाही नाही. आवाजच नाही. दीपिकानं, आपल्याकडे ठसका लागला की करतात तसं, त्याच्या टाळूवर फुंकर मारली. “वर पाय बाबू, वर पाय, चिमणी पाय!” तुळसाबाई पाण्याचा गिलास घेऊन धावली.

“पानी नको मावशी!” नूतननं पवनला ओढून घेतलं. तेवढं तिला आठवलं. हातावर घेतलं, आधी उताणं, मग पालथं, पण डोकं वरच. आणि मित्रांनो, तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली ती अशी, जशी आपण बाळाला झोपवताना थोपटतो.

नजर होती. हाताला मात्र ठाऊक नव्हतं.

मी काचेमागून ओरडलो, “डोकं खाली! जोरानं! मला मारत होत्या तसं!” रबराच्या तोंडातून काय बाहेर पडणार? पवनचे ओठ निळे होत चाललेले मला दिसत होते.

खाणीतली पाळी संपवून गावातला धर्मेंद्र मोटारसायकलनं चालला होता. तुळसाबाईनं त्याला हाका मारून थांबवलं. नूतन पवनला मांडीवर पालथा धरून मागं बसली, तिच्यामागं दीपिका, आणि गाडी बालाघाटकडे सुटली.

पुढचं मला तुळसाबाईच्या बोलण्यातून कळलं. वाटेत गाडी खड्ड्यात आदळली, पवन नूतनच्या गुडघ्यावर आपटला, फुटाणा बाहेर उडाला आणि पोरगं रडलं. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं.

गावानं शाल-नारळ देऊन नूतनचा सत्कार केला. ती एवढंच म्हणत राहिली, “मी नाई वाचवला जी. खड्ड्यानं वाचवला.” लोकांना वाटलं, मॅडम विनयानं बोलतात.

महिन्याभरानं एक अधिकारी आले. कपाट उघडून त्यांनी मला पाहिलं. “अरे वा, बिल्कुल नया रखा है!” नूतननं मान खाली घातली ती वर केली नाही. ते गेल्यावर तिनं मला मांडीवर घेतलं. कव्हराच्या चेनला बोटं लावली. मग हात मागं घेतला. चेन उघडली नाही. तिनं मला परत ठेवलं, किल्ली तुळसाबाईच्या हातात दिली आणि रजेवर गेली. ती अजून आलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या गावच्या कपाटात माझा एखादा भाऊ नवाकोरा बसला असेल, तर त्याला बाहेर काढायला सांगा. आम्हाला मार खाऊ द्या. आम्हाला दुखत नाही.

आणि आणखी एक. तुळसाबाई सांगते, नूतन दिवसभर मयुरीला मांडीवरून उतरू देत नाही. भाताचं शीत न् शीत बोटांनी कुस्करते, मग घास भरवते. गावातली माणसं दारावरून जातात, “मॅडम आराम करून राह्यल्या,” म्हणतात. मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत. पिठाच्या गिरणीमागचं निळ्या दाराचं घर आहे. जा, तिला काही शिकवू नका, तिच्याशेजारी नुसते बसा. आणि पोरीचं जेवण झालं की विचारा, “नूतनताई, तुमी जेवल्या का?”