सरावाची परीक्षा

तिने शिकवणाऱ्याची सीट पुढे ओढली, पट्टा लावला आणि चेहरा जितका कडक करता येईल तितका केला. तो स्टिअरिंगमागे बसला होता. गाडी बंद होती आणि मैदानावर आखलेल्या पांढऱ्या रेघांच्या अगदी मधोमध उभी होती. गाडी नीट लावण्याच्या बाबतीत तरी त्याचं दिवाळं निघालं नव्हतं.

"बोला," ती म्हणाली. "काय अडचण आहे?"

त्याला हसू आलं.

"हसून घे आत्ताच. उद्या वकीलबाईंसमोर हसलास तर मी तुला ओळखत नाही म्हणून सांगेन."

"बरं. विचार."

"विचारा," ती म्हणाली.

ही सरावाची परीक्षा मुळात त्याचीच कल्पना. तो गाडी चालवायला शिकवायचा, आणि शिकाऊ माणसाची लायसन्सची खरी परीक्षा आली की आदल्या दिवशी तो परीक्षक व्हायचा. महिनाभर ज्याची थट्टामस्करी केली, त्यालाच "अहो, गाडी सुरू करा" म्हणायचा आणि काचेबाहेर बघत बसायचा. नियम दोनच होते. परीक्षकाने रागवायचं नाही, आणि गाडीतून उतरेपर्यंत ओळख दाखवायची नाही. अशी घाबरवून घाबरवून त्याने गावातली कितीतरी माणसं धीट केली होती. सिग्नलला कोणी ना कोणी हात करून "सर" म्हणायचंच. आधी त्याची छाती फुगायची. हल्ली सिग्नल लाल झाला की तो रेडिओची बटणं चाचपत बसायचा.

आणि हे धीट करणारे सर स्वतः किती धीट, ते वकिलांच्या कार्यालयात फोन केला तेव्हाच कळलं. "एका मित्रासाठी विचारतोय," त्याने सांगितलं. दिवाळखोरीचा अर्ज करायचा तर काय काय लागतं, मित्राला जरा घाई आहे. पलीकडच्या मुलीने सगळं नीट समजावलं. कोणाचंही देणं लपवायचं नाही आणि त्याआधी कोणाचं गुपचूप फेडायचंही नाही, सगळे एकाच रांगेत. मग म्हणाली, "मित्राला सोबत घेऊन या हं." बायको तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मित्राची चौकशी केली नाही, फक्त हातातला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घातली. संध्याकाळी म्हणाली, मैदानावर जाऊ या, तुझा सराव घेते.

निघताना शर्टावरून अर्धा तास गेला होता. चांगला घातला तर वकीलबाईंना वाटेल पैसे दडवलेत, विटका घातला तर वाटेल नाटक करतोय. शेवटी तिने निळा काढून दिला. "हा तुझ्या अंगावर नेहमी असतो," ती म्हणाली, "उद्याही हाच घाल."

आता त्या निळ्या शर्टाची बाही तो खाली ओढत होता.

"कोणाकोणाचं देणं आहे?" तिने विचारलं.

"बँकेचं."

"कशाबद्दल?"

"गाड्यांबद्दल. तीन होत्या. दोन ते घेऊन गेले, सगळ्यांदेखत. एक तर शिकवणी चालू असताना…"

"विचारलं तेवढंच सांगा."

हेही त्याचंच वाक्य. 

"आणखी?"

"गॅरेजवाला. पेट्रोल पंप. ऑफिसचं भाडं थकलंय." तो थांबला. "आणि ज्यांनी पूर्ण फी भरली पण ज्यांचं शिकवणं राहिलं, ते लोक. दवाखान्यातल्या नर्सबाई आहेत, त्यांनी तर आगाऊ भरली होती. मी त्यांच्या रस्त्याने जातच नाही."

"हे उद्या असंच सांगा," ती म्हणाली. "धंदा का बसला?"

"चौकात मोठी ड्रायव्हिंग शाळा निघाली."

"म्हणून?"

"म्हणून मी दोन नव्या गाड्या घेतल्या."

"गिऱ्हाईक कमी होत असताना?"

"लोकांना वाटू नये की आपण मागे पडलो." बोलताना त्याचा आवाज इतका उतरला की तिला पुढे झुकावं लागलं. "झेपणार नाही हे मला कळत होतं. बायको सांगत होती. मी तिला म्हणालो, तुला धंद्यातलं काय कळतं."

ती जराही हलली नाही. खरं तर हे वाक्य तिला चांगलंच लागलं होतं तेव्हा, अबोला धरला होता तिने. पण परीक्षकाने रागवायचं नसतं.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कोणी तरी कुत्र्याला फिरवत होतं. काचेवर धूळ होती. पूर्वी रोज सकाळी तो तिन्ही गाड्यांच्या काचा स्वतः पुसायचा.

"ठीक आहे, झालं," ती म्हणाली आणि तिने पट्टा काढला.

त्याने मोठा श्वास सोडला. खांदे सैल झाले. मान मागे टेकवून त्याने डोळे मिटले.

"आणखी कोणी?" तिने विचारलं.

त्याने डोळे उघडले. ही तर त्याची खास खोड होती. "झालं, संपलं" असं सांगून शिकाऊ माणूस सैलावला की तो अगदी सहज एखादा शेवटचा प्रश्न टाकायचा, कारण माणूस चुकतो तो सुटलो असं वाटल्यावरच. तिने कितीदा तरी ऑफिसच्या खिडकीतून हा प्रकार पाहिला होता आणि निष्पाप मुलांना छळतोस म्हणून त्याला टोकलं होतं. आज तिच्या मनात एवढंच असेल. एखादा किराणावाला, एखादा मित्र राहिला असेल तर आठवावा.

नाही म्हणणं सोपं होतं. तसंच ठरवलं होतं त्याने. ते एक नाव सांगायचंच नाही, वकिलांना नाही आणि घरी तर नाहीच. मागाहून, कुठे तरी नोकरी धरून, थोडं थोडं देऊन टाकायचं. आपण हे त्या माउलीच्या भल्यासाठीच करतोय, बँकेच्या रांगेत तिला कशाला उभं करायचं, असं त्याने स्वतःला इतक्यांदा बजावलं होतं की आता ते जवळजवळ पटलं होतं. जवळजवळच.

"आहे एक," तो म्हणाला.

"कोण?"

"सासूबाई."

तिचा हात पट्ट्यावर होता, तो तिथेच राहिला.  ती आता दार उघडून उतरणार, असं त्याला वाटलं.

"पैसे केव्हा घेतले?" तिने विचारलं. आवाज परीक्षकाचाच होता, जरा बारीक झालेला.

"गेल्या वर्षी. पहिला हप्ता चुकला तेव्हा."

"त्यांनी स्वतःहून दिले?"

"मी मागितले. घरी जाऊन."

"त्यांनी ते कशासाठी ठेवले होते?"

त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

"गुडघ्यासाठी. ऑपरेशनसाठी."

गेल्या वर्षभरात त्या गुडघ्यावरून मायलेकींची किती तरी भांडणं झाली होती. पैसे आहेत, डॉक्टर चांगला आहे, मग अडलंय कुठे? आई म्हणायची, मला भीती वाटते. लेक चिडायची. एकदा तर ती आईला तोंडावर म्हणाली होती, भित्री आहेस तू, आता लंगडत लंगडत माझ्याकडे येऊ नकोस. म्हातारी त्यानंतर खरंच आली नव्हती.

"तुमच्या बायकोला हे माहीत आहे?"

"नाही."

"का नाही सांगितलं?"

"लाज वाटली." मग विचारलं नसतानाही तो बोलत राहिला. "ती आईला भित्री म्हणाली तेव्हा मी समोरच बसलो होतो. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाचवायला त्या भित्र्या झाल्या, आणि मी चहा संपवला."

ती उतरली नाही. तिने पर्समधून फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन कानाला न लावता हातातच धरला. घंटा वाजत राहिली. फोनपर्यंत पोचायला म्हातारीला वेळ लागायचा.

"बोल गं," सासूबाईंचा आवाज आला. धाप लागली होती.

"काही नाही. सहज केला. गुडघा कसा आहे?"

"आहे तसाच. आता पुन्हा सुरू करू नकोस हं. मला खरंच भीती वाटते त्या ऑपरेशनची. सुई बघितली तरी घाबरते मी."

 तिने ओठ आवळले, मान वर केली, आणि नेहमीच्या कुरकुऱ्या सुरात म्हणाली, "माहीत आहे. पहिल्यापासूनच भित्री तू."

"हो ना," म्हातारी हसली. तिला हायसं वाटलं होतं, ते इथपर्यंत ऐकू आलं. "जावई बरे आहेत ना? त्यांच्यामागे फार लागू नकोस. थकलेत ते."

"नाही लागत. रविवारी ये. मी घ्यायला येते, लंगडू नकोस."

फोन ठेवल्यावर ती रडली. आवाज न करता, बाहेरच्या बाजूला तोंड करून. त्याने हात पुढे केला आणि तिच्या खांद्यापर्यंत न नेताच मागे घेतला. त्याचा हक्क उरला नव्हता असं त्याला वाटलं. मग तिने ओढणीने चेहरा पुसला आणि पट्टा पुन्हा लावला.

"पहिल्यापासून घेऊ," ती म्हणाली.

"पुन्हा?"

"पुन्हा. आणि या वेळी तिच्यापासून सुरुवात करायची." तिने घसा साफ केला. "कोणाकोणाचं देणं आहे?"

"सासूबाईंचं."

"नातं नंतर. वकीलबाईंना पूर्ण नाव लागेल."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते नाव त्याने कधी तोंडातून काढलं नव्हतं. वडीलधाऱ्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं, इतकंच. पैसे मागायला गेला तेव्हासुद्धा "आई" म्हणूनच हाक मारली होती. आता त्याने ओठ ओले केले, स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले आणि तिच्याकडे वळून बसला.

मग त्याने नाव सांगितलं. पहिल्यांदा ते अडखळतच निघालं.

"मोठ्याने," ती म्हणाली.